दुसरा अंतरा

गाणं संपलं तेव्हा पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते गाणी काढणाऱ्या एका कंपनीतून आले होते, विद्यापीठाच्या गीतलेखन विभागातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची गाणी ऐकायला. सकाळपासून त्यांनी जांभया दाबत बरीच ऐकली होती. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सरांनी पियानोपाशी बसलेल्या मुलीकडे पाहून मान हलवली. जमलं!

आजवर तिचं प्रत्येक गाणं सरांनी एकाच शेऱ्यासह परत केलं होतं. "सुबक आहे. पण यात तू कुठे आहेस? घरातलं लिही." शेवटी वैतागून तिने घरातलं लिहिलं. थोरल्या बहिणीवर. गाणारी ताई, जिने घरासाठी आपला गळा मिटून घेतला आणि हातात बसचं चाक घेतलं. दुसऱ्या अंतऱ्यात ही ताई रिकाम्या बसमध्ये एकटीच रडते.

आणि खरी ताई दारात उभी होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत, गणवेशातच, धाकटीचं गाणं ऐकायला धावतपळत आली होती.

"ह्याच का त्या?" पाहुणे उठले. त्यांनी ताईचा हात दोन्ही हातांत धरला. "फार मोठा त्याग केलात हो तुम्ही."

ताईने हात हलकेच सोडवून घेतला. "बसा ना तुम्ही," ती म्हणाली, जणू ते तिच्याच बसमध्ये चढले होते. "मी हिला जरा बाहेर नेते."

बाहेरच्या बोळात वाद्यांची रिकामी खोकी रचून ठेवली होती. शेजारच्या खोलीत कुणीतरी तीच ती तान पुन्हा पुन्हा चुकत होतं.

"मी कधी रडले गं?"

"ताई, ते गाणं आहे."

"आणि गळा कुणासाठी मिटला मी? गाण्याचा क्लास सोडला तो कंटाळा आला म्हणून. तेच तेच सूर घोटायचे, जीव जायचा माझा. चाक हातात आलं तेव्हा कुठे सुटले."

"कंटाळा आला म्हणून सोडलं, याचं गाणं होत नाही!" धाकटीचा आवाज चढला.

"मग तुझं शिकणं कच्चं आहे."

धाकटीला ते झोंबलं. "तुला काय जातंय बोलायला? हसरं लिहिलं तर म्हणतात उथळ. साधं लिहिलं तर म्हणतात, मग पुढे काय? डोकं फोडून घेतलं मी इथे. आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकून उठून उभं राहिलं, तर तू नाट लावतेस!"

ताईने डोक्यावरची टोपी काढली. ती या हातातून त्या हातात करत राहिली.

"आपल्या गल्लीतली माणसं माझ्या बसला असतात," ती म्हणाली. "त्यांनी हे ऐकलं, की चढता चढता माझ्याकडे बिचारी म्हणून बघणार. मी तिथे ऐटीत बसते गं."

"एवढं एक जाऊ दे ना, ताई."

"तुझं गाणं आहे. खुशाल विक. पण माझ्या बसमध्ये लागलं तर मी बंद करणार." तिने टोपी घातली आणि दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेली.

धाकटी आत आली, ती बसलीच नाही. "दुसरा अंतरा बदलायचाय मला."

"छे, छे! तोच तर लोकांना रडवणार," पाहुणे म्हणाले.

"ती रडत नाही. तिला बस चालवायला आवडतं."

पाहुण्यांनी सरांकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "मग गाण्यात उरतं काय?" त्यांनी विचारलं. स्वर टोचून बोलण्याचा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

कळत तिलाही नव्हतं. "वेळ द्या मला थोडा," ती म्हणाली.

"घ्या की. तोवर मी पुढच्या मुलाचं ऐकतो." ते बॅग उचलून शेजारच्या खोलीत गेले. जाताना त्यांनी दार अगदी सभ्यपणे लावलं.

"तोंडाशी आलेला घास गं!" सरांनी कपाळाला हात लावला.

"तुम्हीच म्हणालात ना, घरातलं लिही?"

"घरातलं लिही म्हणालो. घरच्यांना विचार, असं नव्हतो म्हणालो." तेही गेले.

ती पियानोपाशी बसली. कंटाळा. यमक म्हणून आधी उमाळा आला, मग जिव्हाळा. दोन्ही शब्द येतानाच डोळे पुसत आले. तिने ते झटकले. उन्हाळा आला, शाळा आली, आणि पाठोपाठ ती शाळेतली ताई पुन्हा केविलवाणी व्हायला लागली. भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. तिने दोन्ही तळहात पट्ट्यांवर आपटले. सगळा पियानो एकदम बोंबलला आणि हळूहळू गप्प झाला.

ती उठून खिडकीशी गेली. खाली थांब्यावर ताईची बस आडवी लावलेल्या एका गाडीमागे अडकली होती. ताई खिडकीतून अर्धी बाहेर वाकून, हात नाचवत, गाडीवाल्याला काहीतरी सुनावत होती. मागची अख्खी बस हसत होती. आता तो गाडीवालाही हसायला लागला.

काय म्हणत होती ताई?

धाकटीने खिडकीची कडी ओढली. मग दोन्ही हातांनी जोर लावला. सरावाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून विभागाने खिडक्या केव्हाच खिळे ठोकून बंद केल्या होत्या.