डाव्या पायाचा धडा

"पाय अर्धवट ठेवायचा नाही," गाडीच्या खिडकीत कोपर टेकवून हॉलिस म्हणाला. "दाबला तर तळापर्यंत, सोडला तर पुरता. मधेच लोंबकळत ठेवलास की क्लच जळालाच म्हणून समज."

क्लिंटने मान डोलावली आणि तो आणखीच गोंधळला. ज्या भावाला आज हरवायचं होतं, तोच त्याला जिंकायचं कसं ते शिकवत होता.

बाप फेब्रुवारीत गेला. मागे दोघा भावांना हवी अशी एकच वस्तू राहिली. बापाची जुनी डिझेलची पिकअप, पाच गिअरची. ओक्लाहोमातल्या या शर्यतीच्या पट्टीवर तो दर रविवारी ती पळवायचा. तिच्यापायी दोघे भाऊ चार महिने एकमेकांशी धड बोलले नव्हते. अखेर त्यांची आई लोरेटा हिने फर्मान काढलं. "दोघांनी एकेकदा पळवा. पाव मैलाला ज्याला वेळ कमी लागेल, गाडी त्याची. संध्याकाळपर्यंत जो पळणार नाही तो हरला. धाकटा आधी. आणि मग माझं डोकं खाऊ नका."

धाकटा म्हणजे क्लिंट. वय अडतीस, आणि सगळा जन्म आपोआप गिअर पडणाऱ्या गाड्या चालवण्यात गेलेला. हॉलिस एक्कावन्नचा. बापाच्या शेजारी बसून त्याने या गाडीची नस न् नस ओळखलेली.

"पहिला गिअर विसर. तो गवताचे भारे ओढायला. दुसऱ्यातून सुटायचं," हॉलिस सांगत होता. "इंजिन कोकलायला लावून धाडकन पाय सोडू नकोस, काहीतरी मोडेल. आवाज थोडाच चढव. सुटायच्या खांबावरचा शेवटचा पिवळा दिवा लागला की पाय एका दमात वर. पाय पुरता वर आला की मगच उजव्याने तळ गाठ. आधी क्लच, मग जोर. कळलं का बारक्या?"

"तू मला हे का सांगतोयस?"

"हा क्लच बसवला तेव्हा बाप गाडीखाली पडून शिव्या देत होता आणि बॅटरीचा उजेड मी धरला होता. वाया जाऊ नये असं वाटतं."

हे काही उत्तर नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते क्लिंटला उमगेना. हॉलिसने दिलेलं त्याने आजवर काही घेतलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी हॉलिसने गवत कापायचं यंत्र त्याच्या दारात आणून ठेवलं, तर क्लिंटने दुसऱ्या दिवशी ते त्याच्याच अंगणात नेऊन टाकलं. मेहेरबानी नको कुणाची!

मागच्या मोकळ्या जागेत त्याने मुद्दाम उलटं करून पाहिलं. गाडी हिसके देत बंद पडली. मग हॉलिसने सांगितलं तसं केलं. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी सुटली. आता तर त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. खोटं शिकवलं असतं तर निदान डाव कळला असता. हा खरं शिकवतो, याचा अर्थ काय लावायचा?

त्याचा नंबर आला. पिवळे दिवे एकामागून एक उतरले. क्लिंटने पाय उचलला, मग जोर दिला आणि गाडी सुसाट निघाली. पट्टीच्या टोकाला फलकावर आकडा उजळला. पंधरा पॉइंट नऊ सेकंद.

तो एकटाच केबिनमध्ये ओरडला. मग त्याला आठवलं. बाप असताना याच गाडीत हॉलिसचा वेळ होता पंधरा पॉइंट चार.

परतीच्या रस्त्यावर वळताना त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकच गाडी, एकच क्लच. आधी मी पळणार, मग हॉलिस. मी क्लच जाळून आणला तर तो पळणार कशावर? म्हणून हा एवढा जिव्हाळा, म्हणून तो धडा! सकाळपासूनचा गोंधळ एका क्षणात मिटला आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो चक्क हसला.

झाडांच्या आडोशाला त्याने गाडी थांबवली. पार्किंग ब्रेक गच्च दाबला. चौथा गिअर टाकला, डावा पाय मधेच लोंबकळत ठेवला आणि उजव्याने जोर दिला. हॉलिसने जे जे करू नकोस म्हणून बजावलं होतं, ते ते त्याने मन लावून केलं. गाडीखालून धूर निघाला. केस जळाल्यासारखा वास केबिनभर पसरला. नवा क्लच काय, पुढच्या महिन्यात बसवता येईल. गाडी आपली झाली म्हणजे झालं.

गाडी कण्हत कुंथत परत आली आणि हॉलिसपासून वीस पावलांवर बसली, ती बसलीच.

"गेला रे क्लच," क्लिंट शक्य तेवढा उदास चेहरा करून म्हणाला. "जुनाच होता. आता तुझी फेरी कशी व्हायची?"

हॉलिसने खिडकीतून आत डोकं घातलं. वास घेतला. समोर ब्रेकचा तांबडा दिवा अजून पेटलेला होता. त्याने हात लांब करून पार्किंग ब्रेक सोडवला, क्लिंटकडे एकदा पाहिलं आणि तो गाडी ढकलायला मागे गेला.

तेवढ्यात थंड चहाचा पेला सांभाळत लोरेटा आली. आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. "पंधरा पॉइंट नऊ! तुझ्या बापाला पहिल्यांदा सतरा लागले होते."

"पण आई, हॉलिसची फेरी राहिली ना."

"त्याची कसली फेरी? त्याने नावच दिलं नव्हतं. फुकट दिलेली तू घेतली नसतीस, म्हणून हे शर्यतीचं नाटक त्यानेच रचलं. गेल्या सोमवारपासून ही गाडी तुझ्याच नावावर आहे, बाळा."