दुभाष्या भिजला त्या दिवशी

धारवाडच्या घरात जेवताना पाच वर्षांच्या शाल्मलीच्या कानातला दुभाष्या सांबारात पडला आणि बंद झाला.

"असू दे. भाकरी खा आधी," केतकी म्हणाली.

शाल्मली तिच्याकडे बघतच राहिली. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "अप्पा, आई काय म्हणतेय?"

मुलगी कन्नडमध्ये बोलली होती. केतकीच्या कानातल्या दुभाष्यानं ते तिला स्वच्छ मराठीत ऐकवलं.

"जन्मापासून मी हिच्याशी मराठीतच बोलतेय!" ती नवऱ्यावर कडाडली.

"तिला ते कन्नडमधून ऐकू यायचं," बसवराज म्हणाला. "बारशाला तूच म्हणालीस ना, कुठलीही भाषा लाव, काय फरक पडतो? उद्या नवा आणतो."

"खबरदार आणलास तर!"

केतकीनं स्वतःचाही दुभाष्या काढून ठेवला आणि लेकीसमोर तुकडा धरला. "भाकरी."

"बकरी."

"बकरी काय गं? भाकरी! भा!"

"बा," शाल्मली मन लावून म्हणाली. "बकरी."

केतकीनं कपाळावर हात मारला. "बरं बाई, बकरी तर बकरी. आ कर."

शाल्मलीला तेही कळलं नाही. शेवटी केतकीनंच मोठ्ठा आ करून दाखवला.