डबलसीट

जंगलातल्या पाणवठ्यावर थांबल्यापासून सायकल जी जड झाली, ती वाळवंट संपलं तरी जडच होती. थोरल्याचा सगळा राग धाकट्या भावावर होता, कारण निघण्याआधी सर्व्हिसिंग त्यानेच केलं होतं. दौरा संपवून अंगणात पोचताच तो भावावर उखडला, "ब्रेक घासतायत, गाढवा. अख्ख्या वाळवंटात कंबरडं मोडलंस माझं."

धाकट्याने वाकून पाहिलं. ब्रेक मोकळे होते. मागचं टायर मात्र हवा गच्च असूनही दबलं होतं.

"दादा, डबलसीट कोणाला आणलंस?"

"कॅरिअर तरी आहे का हिला?" त्याने रागाने हँडल सोडून दिलं.

बिनस्टँडची सायकल तशीच उभी राहिली. मग मागचं दबलेलं टायर हळूच वर आलं, आणि सायकल आडवी झाली.

घराचं दार उघडंच होतं.