एकाच कंपनीचं विमान

दीड वाजून गेला तरी जावई आला नव्हता आणि पुरणपोळ्या पार गार पडल्या होत्या. प्रेमलाबाई तिसऱ्यांदा दारात जाऊन रस्ता बघून आल्या. एप्रिलच्या उन्हात तुळजापूरची ती गल्ली अगदी सामसूम होती.

मुंबईहून सोलापूरला आता विमान येतं. तासाभराचं काम. तिथून तुळजापूर म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण जावयानं, उत्कर्षनं, पहाटे चारला मुंबईतून टॅक्सी केली होती, कारण सोलापूरला उतरणारं विमान ‘आमच्या’ कंपनीचं नव्हतं. आमची म्हणजे, ज्या कंपनीच्या विमानानं तो नेहमी जायचा, ती. बोलायचा असा, जणू ती त्याच्या वडिलांनीच काढली होती.

दोन वाजता तो कंबर धरत उतरला. दहा तासांत अंगाचं भुस्काट झालं होतं, तरी चेहऱ्यावर लढाई जिंकून आल्याचा थाट. अकरा वर्षांत दुसऱ्या कंपनीच्या विमानात पाय ठेवला नाही, असं त्यानं चपला काढता काढताच सांगितलं. मग सासऱ्यांसाठी आणलेली भेट काढली. बॅगेला अडकवायचा, विमान कंपनीनं दिलेला सोनेरी बिल्ला. गेल्या वर्षीचा. यंदा त्याला त्याहून वरचा मिळाला होता.

विष्णुपंतांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि बाजाराच्या पिशवीला लावला. प्रेमलाबाईंनी तोंड फिरवलं. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, आणि जावयाच्या जुन्या बिल्ल्यानं हुरळून जातो. या घरात कुणाची जास्त कीव करावी, तेच त्यांना कळेना.

इरा माहेरी येऊन अठरा दिवस झाले होते. परत जावंसं वाटत नाही, एवढंच ती म्हणायची. तो पितो का, हात उगारतो का, सगळं विचारून झालं होतं. तसलं काही नव्हतं. तो घरी नसतो, इतकंच. आता दवाखान्यांना मशिनी विकणारा माणूस घरी कसा असेल? प्रेमलाबाईंना हा जावई पहिल्या दिवसापासून पोकळ वाटत आला होता. पण माणूस पोकळ आहे म्हणून कुणी संसार मोडत नाही, असं त्यांनी लेकीला स्पष्ट सांगितलं होतं. आज तो न्यायला येणार म्हणून सकाळी तिची बॅगही त्यांनीच भरली होती. इरानं त्यातला एक कपडासुद्धा हातात घेतला नव्हता.

जेवताना उत्कर्षनं एकदाही बायकोकडे बघून तिची तब्येत विचारली नाही. तो विमानांबद्दल बोलत होता. त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही. हवाईसुंदरी त्याला नावानं हाक मारते. पुढच्या ओळीतली खिडकी त्याच्यासाठी राखलेली असते. आणि विष्णुपंत पहिलीतल्या पोरासारखे विचारत होते, वर्षाला किती फेऱ्या होतात, किती झाल्या की वरचं कार्ड मिळतं.

साठ लागतात, त्याच्या बरोबर साठ झाल्या, असं उत्कर्षनं सांगितलं. मार्चअखेर थोड्या कमी पडत होत्या. तेव्हा तो काही काम नसताना नागपूरला गेला, विमानतळावर चहा प्यायला आणि त्याच विमानानं परतला. असं दोनदा केलं. त्या आठवड्यात इरा तापानं फणफणली होती. प्रेमलाबाईंनी आमटी वाढली ती जरा लांबूनच.

“हे सगळं ते लिहून ठेवतात?” विष्णुपंतांनी विचारलं.

उत्कर्ष हसला. त्यानं डाव्या हातानं मोबाईल काढला, बोटानं दोनदा सरकवला आणि सासऱ्यांपुढे धरला. तारीख, शहर, सीट, सगळं होतं.

“म्हणजे वर्षभराची सगळी विमानं यात?”

“सगळी, बाबा. यात नाही ते विमान मी घेतलंच नाही.”

“एखादं दुसऱ्या कंपनीचं? अडीअडचणीला?”

“शक्यच नाही. आज आलो कसा, ते बघितलंत ना?”

विष्णुपंतांनी वाचायचा चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. मार्च, नागपूर. फेब्रुवारी, दिल्ली, परत दिल्ली. प्रेमलाबाईंना त्यांचा आवाज ऐकवेना. पानावर बसलेल्या माणसाची अशी आरती कुणी करतं का? त्या तुपाचं भांडं आणायला उठल्या.

“इरा,” विष्णुपंत म्हणाले, “नोव्हेंबरनंतर एकदम सप्टेंबर दिसतोय मला. तू बघ बरं.”

इरा पदराला हात पुसत आली. मोबाईल घेऊन तिनं यादी वर नेली, खाली आणली. घाई केली नाही. प्रेमलाबाई तुपाचं भांडं धरून तशाच थांबल्या. ऑक्टोबरात दिवाळी होती. पाडव्याला लेक एकटीच आली होती आणि जावई कसा रात्रंदिवस राबतोय, हे त्यांनी स्वतः गल्लीभर सांगितलं होतं.

“ऑक्टोबरात तू घरी चारच दिवस होतास,” इरा म्हणाली. “रोज फोन करून सांगायचास, विमानात बसतोय, आता फोन बंद राहील. पाडव्याला गुवाहाटीला होतास म्हणे. यात ऑक्टोबर नाहीच.”

उत्कर्षनं मोबाईलसाठी हात पुढं केला. इरानं तो दिला नाही. त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. विष्णुपंतांनी चष्मा काढून शांतपणे मिटून ठेवला होता, आणि फळ्यापुढं उभ्या केलेल्या मुलाच्या उत्तराची इतकी वर्षं वाट पाहिली, तसे ते बघत होते.

“त्या महिन्यात,” उत्कर्ष म्हणाला, “मी दुसऱ्या कंपनीच्या विमानानं फिरत होतो.”