पुसू नये

कपाटाची किल्ली हेडबाईंच्या टेबलावर ठेवली की सुटलो, असं मनाशी म्हणत सर निघाले होते. पण वाटेत त्यांच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला आणि पाय अडले.

त्यांचा वर्ग म्हणायचं ते सवयीनं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना बदली झाली होती, उद्या दुसऱ्या शाळेत हजर व्हायचं होतं. वर्ग नव्या बाईंकडे गेला होता, भूगोलासकट.

"मासळीबाजार झालाय नुसता," घंटेजवळ बसलेला शिपाई म्हणाला. "तुमच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची."

सरांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली. पण सगळ्या नोकरीत त्यांनी दुसरं कमावलं तरी काय होतं? बोलण्यात ते कधीच धीट नव्हते. ते फळ्याकडे वळायचे, रंगीत खडूनं एका दमात किनारा ओढायचे, आणि पाठीमागे अख्खा वर्ग चिडीचूप. शाळेत त्यांना 'नकाशेवाले' म्हणत. त्या शांततेवर त्यांनी वर्षामागून वर्षं काढली होती.

ते दारात जाऊन उभे राहिले. बाकं फिरवलेली होती. पोरं फळ्याकडे पाठ करून बसली होती. फळ्यावर सरांनी काढलेला शेवटचा नकाशा तसाच होता, खाली त्यांच्याच वळणदार अक्षरात 'पुसू नये'. बाईंनी मागच्या भिंतीवर मोठे कागद चिकटवले होते आणि त्यांवर काढलेली नदी सरळ डोंगर चढत निघाली होती. पोरं त्यालाच हसत होती. बाईसुद्धा हसत होत्या.

काल आलेली ही पोरगी. आणि पोरं तिच्याशी बोलतात कशी, तर घरच्या मावशीशी बोलावं तशी.

"या ना सर," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा आता या नदीला, खाली उतर म्हणून."

सर हसले नाहीत. "फळ्याचं काय बिघडलं होतं?"

"फळ्याचं काही नाही. तुमचा नकाशा पुसायला हात होईना. आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की पलीकडच्या भिंतीकडच्या रांगांना फळा नुसता चकाकतो. काल मी तिथं बसून बघितलं. मग म्हटलं, बाकंच फिरवू."

"माझ्या वर्गात कुणाची कधी तक्रार नव्हती."

त्यांचा आवाज जरा चढलाच. हसू थांबलं. वर्ग एकदम गप्प झाला. सरांच्या चांगल्या ओळखीची ती शांतता होती.

"कुणाला दिसत नव्हतं?" त्यांनी विचारलं.

भिंतीकडच्या दोन्ही रांगांनी माना खाली घातल्या.

सर त्या रांगांमधून चालत गेले आणि शेवटी एका बाकाच्या कडेवर टेकले. तिथल्या मुलीनं अंग चोरून जागा करून दिली. त्यांनी वळून स्वतःच्या नकाशाकडे पाहिलं. डोळे बारीक केले, मान तिरकी केली, जरासे उठून पुन्हा बसले. फळ्याच्या जागी पांढरं लखलखीत ऊन होतं. किनारा नाही, नदी नाही. 'पुसू नये'सुद्धा नाही.

दर वर्षी या बाकावर कुणीतरी बसलेलं असणार.

"सर, चष्मा पुसून देऊ का?" बाईंनी हळूच विचारलं.

सरांनी हातानंच नको म्हटलं. चष्मा स्वच्छच होता.

शेजारच्या मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग वर्षभराच्या सवयीनं, मान वळवून नजर फळ्याकडेच ठेवत, तिनं वही कोपरानं त्यांच्या बाजूला सरकवली.

"यातलं बघून काढा सर," ती कुजबुजली. "मी पण खिडकीकडच्यांचं बघूनच काढते."