जरा चालून दाखवा

“आता जरा चालून दाखव वं पोरी,” नवरदेवाची आई रत्नाबाई बोलली.

रक्षा उठली, तुळशीपर्यंत गेली, परत आली. पोरगी लंगडत नाही, एवढं पाहुण्यांनी पाहून घेतलं. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा दिवस. या दिवशी करडी गावात घराघरात पाहुणे, अन् अर्ध्या अंगणांत कोणाची ना कोणाची पोरगी अशी चालून दाखवत असते.

रक्षा मात्र बसली नाही. नवरदेवाकडे पाहून बोलली, “आता तुम्ही.”

दाराआडून पोरींची डोकी बाहेर आली.

नवरदेव म्हणजे रत्नाबाईचा कुलदीप, मुंबईचा नट. जितक्या सिरियली केल्या तितक्यांत एकच काम: पुरुषावर जीव असलेला पुरुष. टीव्हीच्या हिशेबाने म्हणजे मनगट ढिलं, कंबर वाकडी, गळ्यात गुलाबी ओढणी अन् दर वाक्याला ‘उई माँ’. सिरियलीतल्या घरातलं रडणं लांबलं की लोकांना हसवायला याला आत सोडायचे.

“माह्या मैत्रिणी विचारून राहिल्या,” रक्षा बोलली, “टीव्हीत चालता तसेच घरी चालता का म्हणून.”

रत्नाबाईचा चेहरा उतरला. आधीच्या सगळ्या सोयरिकी याच गोष्टीवर मोडल्या होत्या. फक्त तोंडावर कोणी विचारलं नव्हतं.

कुलदीप हसला. मुलाखतीत हसतात तसं. “अहो, ती कला आहे. त्या लोकांच्या वेदनेत शिरावं लागतं. मी फार अभ्यास केला.”

“कोणापाशी जाऊन जी?” रक्षाच्या बापाने, श्यामरावांनी, विचारलं.

“जायचं कशाला? डायरेक्टर सांगतो ना, अजून थोडं वाकडं. आणि हे लोक लांबूनच ओळखू येतात. हजारात उभा करा, मी बोट ठेवून दाखवतो.”

बाजेवर बसलेल्या रक्षाच्या मामांनी, वासुदेवरावांनी, तंबाखू मळता मळता मान डोलावली. असेल बुवा.

“मंग चाला,” रक्षा बोलली.

कुलदीप निघाला. पहिल्याच पावलाला मनगट आपोआप ढिलं पडलं. दाराआडच्या पोरी फिस्सकन हसल्या. त्याने छाती फुगवली, तर बैलबाजारातला दलाल दिसायला लागला. रत्नाबाईने डोळे मिटून घेतले.

“थांबा. मला समोर नमुना लागतो,” तो बोलला. अंगणभर नजर फिरवली. श्यामरावांचं पोट आडवं आलं. नजर बाजेवर थांबली. झुपकेदार मिशा, रुंद मनगटं, पायाच्या भेगांत धानाच्या बांधीतला चिखल. “मामा, तुम्ही चाला. अस्सल मर्द दिसता. मी चाल उचलतो.”

श्यामरावांना ठसका लागला.

वासुदेवरावांनी लग्न केलं नव्हतं. कित्येक वर्षांपासून ते मधुकररावांसोबत राहतात. घर एक, चूल एक, मच्छरदाणीही एकच. गावाला सगळं ठाऊक. गाव त्यावर बोलत नाही, लग्नाची पत्रिका तेवढी दोघांच्या नावाने एकच धाडते.

मामा मुकाट्याने उठले. तुळशीपर्यंत गेले, परत आले. लांब टांगा, उजवा खांदा पुढे, पाऊल जमिनीत रुतवून. कुलदीपने एकदा पाहिलं अन् चालला. हुबेहूब. गडी नट म्हणून वाईट नव्हता, जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी पाहून काम करत होता एवढंच.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. मधुकरराव. चष्मा घरीच राहिला होता, समोर कुलदीपची पाठमोरी चाल तेवढी दिसत होती.

“काहून रे वासुदेवा, भात थंडा होऊन राहिला ना! येतं का नाही?”

कुलदीप उड्या मारतच वळला. “पाहिलं? म्हातारा फसला! ही असते मर्दाची चाल. घ्या आता संशय!”

वासुदेवरावांनी तंबाखू तोंडात टाकली अन् तीच चाल घेऊन कुंपणाकडे निघून गेले.

श्यामरावांनी घसा खाकरला. “काय वं पोरी, पसंत हाय का?”

“चाल पसंत हाय, बाबा,” रक्षा बोलली. “पण त्या चालीले भात वाढणारा माणूस पहिलेपासूनच हाय.”

कुलदीप अजून तुळशीपाशीच उभा होता. टाळ्यांची वाट पाहत.