पाणी प्यालेला माणूस

"वैनी, गुरुवारले कॉलेजमा जाऊ नको. पोरले ते मुळीच लई जाऊ नको."

फोनवर नवनीत होता. स्वप्नालीचा चुलत दीर, ब्राह्मणपुरीचा. "बरं बरं," म्हणून तिने फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. दिराने धमकी दिली, एवढंच तिला कळलं. त्याची संघटना त्या दिवशी कॉलेजातला कार्यक्रम उधळून लावणार आहे हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. धमकीला घाबरून घरी बसायचं, तर मग वर्गात मुलांना शिकवायचं तरी काय?

ती तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. तिथे दर गुरुवारी खुली चर्चा व्हायची. कुणीही बोलायचं, कुणीही अडवून विचारायचं. या वेळी इतिहासाचे उदेसिंग सर बोलणार होते, डोंगरातल्या देवांवर. सर स्वतः आदिवासी, मोलगीच्या वरच्या डोंगरपाड्यावरचे. हे देव पोथीतल्या देवांपेक्षा वेगळे आहेत असं म्हणणं म्हणजे समाजात फूट पाडणं, असं संघटनेचं म्हणणं. प्राचार्य शांतीलाल सर हात जोडून म्हणाले होते, "उदेसिंगराव, पुढं ढकला. काही झालं तर ही चर्चाच कायमची बंद करावी लागेल मला."

"बंद करायची तर तुम्ही करा," उदेसिंग सर म्हणाले होते. "पुढं ढकलून माझ्या हातून नको."

गुरुवारी नेमकी लेकीला सांभाळणारी शोभाबाई तापाने पडली. स्वप्नाली वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन हॉलमध्ये आली आणि दाराजवळची खुर्ची धरून बसली. वेळ आली तर पळायला बरं, म्हणून. सर बोलायला उभे राहिले, आणि घोषणा त्याच दारातून आत आल्या.

पंधरावीस पोरं होती. पुढे नवनीत, घामाने थबथबलेला, आवाज बसलेला. मागच्या एकाने खुर्ची उचलली. मुली भिंतीला चिकटल्या. लेक रडायला लागली, तसं नवनीतने वळून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"सांगेल व्हतं ना मी तुले," तो हळूच म्हणाला.

तेव्हा कुठे स्वप्नालीच्या लक्षात आलं की फोनवरचा आवाजही असाच होता. धमकावणारा माणूस असा बोलत नाही.

उदेसिंग सर मंचावरून खाली आले. हातात पाण्याचा तांब्या होता.

"आमच्या पाड्यावर भांडण घेऊन कुणी आलं, तर त्याला आधी पाणी देतात," ते म्हणाले. "प्यायचं की नाही ते त्याने ठरवायचं. प्याला, तर आधी तो बोलणार, मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. पण मग समोरच्याचंही पुरतं ऐकल्याशिवाय त्याला उठता येत नाही. कबूल असेल तर घ्या."

"नवनीत, पिऊ नको रे," मागून कुणीतरी म्हणालं. "मास्तर बनवी ऱ्हायना तुले."

नवनीतने तांब्याकडे पाहिलं. खुर्ची उचललेल्या पोराकडे पाहिलं. मग लेकीकडे. त्याने तांब्या घेतला आणि वरून धार धरून सगळं पाणी संपवलं.

मग तो बोलला, बराच वेळ. सरांवर नाही नाही ते आरोप केले. एक मुलगा उठून उत्तर द्यायला लागला, तर सरांनीच त्याला खाली बसवलं. "त्यांचं होऊ द्या. ते पाणी प्यालेत."

नवनीत थांबला. सरांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते?"

"बसते की. आजी नैवेद्याला रोट करते."

"कोणत्या पोथीत आहे हो ती?"

नवनीतने मागे पोरांकडे पाहिलं. हॉलमध्ये एकदोघं हसले.

"हसू नका. मलाही माहीत नाही," सर म्हणाले. "माझी आजी कालीबाई वाघदेवाला पुजते, तो कोणत्या पोथीत आहे, तेही माहीत नाही. तेवढंच शोधतोय मी. तुम्हाला सापडलं तर पुढच्या गुरुवारी येऊन सांगा, मी ऐकायला बसतो."

खुर्ची उचललेल्या पोराने ती खाली ठेवली. "नवनीत, चाल भाहेर," तो म्हणाला.

नवनीत त्याच खुर्चीवर बसला. त्याच्याबरोबरची पोरं बाहेर गेली, मोटारसायकली सुरू झाल्याचे आवाज आले. तो मात्र सरांचं बोलणं संपेपर्यंत हलला नाही. लेक स्वप्नालीच्या खांद्यावर झोपून गेली. प्राचार्यांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि स्वतःच्या कपात दोनदा साखर टाकली. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. घरी आल्यावर स्वप्नाली किती तरी वेळ नुसती बसून राहिली, अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखी.

चर्चा चालू आहे. सरांना सगळे भेटतात, शाबासकी देतात. पण सासूबाई ब्राह्मणपुरीहून आल्या, त्या म्हणाल्या, "नवनीतनासंगे गावमा कोनी चहा पेत नही आते." स्वप्नालीने लगेच फोन लावला.

"मी बरा शे, वैनी," नवनीत म्हणाला. लगेच त्याने विचारलं, "पुढला गुरुवारले कोन बोलनार शे?"

ती हसली. पण त्याचं ते 'मी बरा शे' तिच्या कानातून जात नाही. रोज उठून जाणं तिला जमत नाही, लेक लहान आहे. म्हणून ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते: ब्राह्मणपुरीवरून जाणं झालंच, तर नवनीतच्या दारात थांबा. कसा आहेस, ते नंतर विचारा. आधी त्याच्याकडे पाणी मागा, आणि प्या.